दहा प्रकार शिकले, पण गाणं लागलं की सगळं विसरते

पत्र:

‘मी ४१ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिकवते, राजारामपुरीत राहते. तीन महिन्यांपूर्वी आमच्या भागातल्या हौशी स्विंग नाचाच्या (जॅझ संगीतावर जोडीने करायच्या नाचाच्या) गटात जाऊ लागले. दर रविवारी संध्याकाळी एका छोट्या सभागृहात आम्ही चौदा जण जमतो. पहिला तास शिकायचं, दुसरा तास मोकळं नाचायचं. बंगळुरूला नोकरीत असताना शिकून आलेला एक मुलगा शिकवतो. शिकवताना मला जमतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीही दहा-बारा प्रकार पाठ केलेत. पण मोकळ्या तासात गाणं लागलं की ताल सुटतो, सगळं विसरते आणि मग जोडीदाराला सॉरी म्हणत राहते. पोटऱ्या भरून येतात, उजवा गुडघा दुखतो. गटात बायका नऊ, पुरुष पाच, त्यामुळे बरीच गाणी बसून काढावी लागतात. काही जणांबरोबर जवळ उभं राहून नाचायला अवघड वाटतं, पण नाही कसं म्हणायचं ते कळत नाही. सासूबाई विचारतात, हा कसला नाच? आता पावसाळा तोंडावर आहे. सोडून द्यावं का?’

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

सोडू नका. पुढचे दोन महिने एवढंच करा: पाठ केलेल्या प्रकारांपैकी दोन ठेवा आणि बाकीचे खुशाल विसरा. मेहनत घेऊन पाठ केलेलं टाकायला जिवावर येतं हे मान्य, पण जरा हिशेब मांडून बघा. स्विंगचा जमाना होता तेव्हा दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं, त्यामुळे या नाचाची पुष्कळ गाणी तेवढीच आहेत. मिनिटाला १४० ठोके धरले तर तीन मिनिटांत ४२० ठोके होतात, म्हणजे आठ-आठचे बावन्न गट. दहा प्रकार एकापुढे एक करून टाकलेत तरी चाळीस गट शिल्लक राहतात. त्या चाळीसांत फक्त तालावर पाय टाकायचे असतात आणि समोरच्याचं वजन हाताला जाणवून घ्यायचं असतं. तुमचं अडतं ते तिथे. प्रकार तुम्हाला येतात, त्यांच्या खालची चाल अजून पक्की नाही.

शिकवणीच्या तासात जमतं याचं कारणही हेच. तिथे शिकवणारा मोठ्याने ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणतो आणि ताल त्याच्या तोंडात असतो. मोकळ्या तासात मोजणारं कोणी नसतं, ताल गाण्यातून उचलावा लागतो. ही सवय घरी लावता येते. मात्र तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर सराव करत असाल तर तो आधी बंद करा. स्विंगच्या गाण्यात ताल धरून ठेवतो तो डबल बास, माणसाच्या उंचीपेक्षा मोठं, उभं धरून बोटांनी वाजवायचं तंतुवाद्य. प्रत्येक ठोक्याला एक सूर, चालत्या माणसाच्या पावलांसारखा. त्याचे खालचे सूर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून येतच नाहीत. म्हणजे जे वाद्य ऐकून नाचायचं तेच तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही गायकाच्या शब्दांमागे धावता. साधे इअरफोन घाला किंवा टीव्हीच्या स्पीकरला जोडा, फरक पहिल्याच गाण्यात कळेल. गाणी निवडताना काउंट बेसीच्या वाद्यवृंदाची १९५० च्या दशकातली मध्यम लयीची ध्वनिमुद्रणं घ्या. १९३० च्या दशकातली चिक वेब किंवा बेनी गुडमनची ध्वनिमुद्रणं झकास आहेत, पण त्यात बास पुसट आहे आणि लयही अनेकदा खूप जलद. ती पुढे ऐकालच.

लय मोजायची सोपी रीत आहे. घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. ३० ते ३२ ठोके आले तर गाणं १२० ते १२८ च्या लयीचं, तुम्हाला आत्ता तेवढंच पुरे. व्हिडिओतली मंडळी बऱ्याचदा २०० च्या वर नाचत असतात. ते बसवलेले, रंगमंचावरचे नाच असतात, रविवारच्या मोकळ्या तासाशी त्यांची तुलना करू नका.

आता टाळी. आपला कान समेला बसलेला असतो. केरव्याच्या पहिल्या ‘धा’ला आपोआप मान हलते. स्विंगमध्ये मात्र टाळी दोन आणि चारवर पडते. ड्रमवाला पायाने मिटतो ती झांजेची जोडीही तिथेच ‘चक्’ करते. घरात दिवाणखान्यात गाणं लावा, उजव्या पायाने एक सुरू करून नुसतं चाला आणि दोन-चारवर टाळी द्या. उजव्या पायाने सुरुवात केलीत तर टाळी दर वेळी डाव्या पायावर येते. मध्येच ती उजव्या पायावर येऊ लागली, तर समजा कुठेतरी एक पाऊल गाळलं किंवा जास्तीचं पडलं. मोकळ्या तासात तुमचं नेमकं हेच होतंय: वजन एका पायावरून दुसऱ्यावर पूर्ण जात नाही, मग पुढचं पाऊल कोणत्या पायाने हे पायालाच कळत नाही आणि डोकं घाबरून ‘विसरले’ म्हणतं. म्हणून प्रत्येक पावलाला एकच कसोटी लावा. पाऊल टाकल्यावर मागचा पाय अलगद उचलता आला पाहिजे. उचलता येत नसेल तर ते पाऊल झालंच नाही.

रोज दोन गाणी असं चाला, सहा-सात मिनिटं लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून त्यात आठ-आठचे चार गट ऐकायला लागा. बत्तीस ठोक्यांनी गाण्याचं एक वाक्य संपतं. पुष्कळ गाण्यांची बांधणी आपल्याला अनोळखी नाही: धृपद, पुन्हा धृपद, मग अंतरा, शेवटी परत धृपद. अंतरा सुरू होताना सूर बदलतो, तो ओळखू आला की हरवल्यावर परत यायला ठिकाण मिळतं.

पोटऱ्यांचं दुखणं उभं राहण्यात आहे. पत्रावरून वाटतं की तुम्ही चवड्यांवर उचललेल्या नाचता. ताल पकडायच्या धडपडीत नवशिक्यांची टाच हमखास हवेत राहते. खासबागेत कुस्ती बघितली असेल तर पैलवानाचा पवित्रा आठवा. गुडघे सैल, कंबर जरा मागे, छाती किंचित पुढे, वजन चवड्यावर पण टाच जमिनीला टेकलेली. त्याच्या चौथाईने खाली बसा. मग प्रत्येक ठोक्याला गुडघे हलकेच दुमडू द्या. दिशा खालची ठेवा, वर उसळायचं नाही. लेझीम खेळलेल्या माणसाला हे चटकन सापडतं. तुमच्या शाळेत लेझीमचं पथक असेलच; त्यातल्या मुलींचे गुडघे बघा, पाय नका बघू.

त्यानंतर ट्रिपल स्टेप. दोन ठोक्यांत तीन पावलं. तोंडाने ‘तीऽन नि-चार’ म्हणा. ‘नि’ उशिरा येऊन ‘चार’ला चिकटला पाहिजे, तिन्ही पावलं सारख्या अंतराने टाकलीत तर सैनिकी कवायत होते आणि स्विंगचा झोका जातो. ही तीन पावलं किती मोठी टाकायची? सभागृहाची फरशी बहुधा दोन फुटी असेल. तिन्ही पावलं एकाच फरशीच्या चौकोनात मावली पाहिजेत. सुरुवातीला सगळेजण मोठी पावलं टाकतात, दमतात, मागे पडतात आणि गाणं जलद आहे असं म्हणतात.

रॉक स्टेपही तशीच. मागचा पाय एक वीतभर मागे जातो, चवडाच टेकतो, छाती जागची हलत नाही. अख्खं शरीर मागे फेकलंत तर हाताला हिसका बसतो आणि परत यायला अर्धा ठोका जास्त लागतो. मागे कोणी उभं असेल तर त्याच्या पायावर पायही पडतो.

तुमच्या गटात सहा मोजणीचे आणि आठ मोजणीचे प्रकार मिसळून शिकवत असणार. सहाचा साचा असा: रॉक स्टेपचे दोन ठोके, एक ट्रिपल, आणखी एक ट्रिपल. आठच्या साच्यात पहिल्या ट्रिपलनंतर दोन साधी पावलं येतात आणि मग दुसरं ट्रिपल. सहाचा प्रकार आठच्या वाक्यावर सरकत जातो, त्यामुळे वाक्याच्या मध्येच तुमचा ‘एक’ येतो आणि वाटतं, ताल चुकला. चुकलेला नसतो. सहाचे चार प्रकार केले की चोवीस ठोके होतात आणि आठचे तीन गट बरोबर भरतात, पुन्हा सगळं जुळतं. तबलजी याला आवर्तनाचं गणित म्हणेल, तुम्ही फक्त घाबरू नका.

हाताविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्म्या गडबडी तिथे होतात. धुतलेल्या चादरीची घडी दोघींनी मिळून घालताना काय होतं ते आठवा. दोघी दोन टोकं धरतात, जरा मागे झुकतात, चादर ताणली जाते. फार ओढली तर समोरचीच्या हातून सुटते, सैल सोडली तर मधे झोळ पडतो. मग एक जण पुढे येते, टोकं जुळतात आणि पुन्हा दोघी लांब होतात. पुढे कधी यायचं हे कोणी सांगत नाही, ताण कमी झाला की कळतं. स्विंगमधला हात असाच असतो. समोरच्याच्या बोटांवर तुमची बोटं आकडीसारखी अडकवा, अंगठा मोकळा ठेवा. अंगठ्याने दाबून धरलं की गिरकीत मनगट पिळवटतं. कोपर बरगड्यांच्या पुढे राहिलं पाहिजे. ते पाठीमागे गेलं तर हात रबरासारखा ताणला गेला आणि निरोप अंगापर्यंत पोचलाच नाही असं समजा. घरी खरोखरच चादर घेऊन, कोणालातरी समोर उभं करून, १२० च्या लयीत सहा मोजणी करून बघा: एक-दोनला ताण, तीन-नि-चारला जवळ, पाच-नि-सहाला लांब. मग चादर टाका आणि हात धरा.

यातूनच स्विंगआऊट हा प्रकार उभा राहतो. लिंडी हॉप या स्विंग नाचाचा कणा तोच. समोरचा लीड करतो, म्हणजे नेतो, आणि तुम्ही फॉलो करता, म्हणजे तो नेईल तसं जाता, असं धरून तुमच्या बाजूने सांगतो. एक-दोनला उजवा, डावा असं समोरच्याकडे चालत जायचं. तीन-नि-चारला उजवा-डावा-उजवा करत त्याच्या जवळून आत शिरायचं. तो तुमच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यावर हात टेकवतो आणि दोघं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरता. पाच-सहाला डावा, उजवा टाकत आल्या वाटेने बाहेर पडायचं आणि सात-नि-आठला डावा-उजवा-डावा करत थांबायचं. सगळं झाल्यावर तुम्ही जवळपास पहिल्याच जागी आलेल्या असता. बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. लीड करणारा ‘एक’ला दंडाच्या जोराने ओढतो, खरं तर त्याने स्वतः मागे बसायचं असतं आणि त्या वजनाने तुम्ही चालू लागायचं असतं. दुसरं, तुम्ही चारवर थबकता, कारण प्रकार ‘झाला’ असं वाटतं. फिरणं पाचपर्यंत चालू राहिलं पाहिजे. तिसरं, पाचवर तो तुमच्या वाटेतून बाजूला होत नाही आणि तुम्हाला वळसा घालावा लागतो. यातलं तुमच्या हातचं एकच: दिशा मिळाली की ती बदलेपर्यंत चालत राहायचं, पुढचं ओळखायला जायचं नाही. पाठ केलेले प्रकार इथे आडवे येतात. तुम्हाला वाटतं, हा अमका प्रकार दिसतोय, आणि त्याच्या आधीच तुम्ही वळून मोकळ्या होता.

ताल सुटलाच तर थांबा, पण गुडघ्यांचा झोका थांबवू नका. हात धरलेला असू द्या, जागच्या जागी वजन डावी-उजवीकडे करत बास ऐका, आठ संपून नवा ‘एक’ येईपर्यंत. चार ते आठ ठोके जातात, बघणाऱ्याला तो नाचच वाटतो. आणि सॉरी म्हणायचं बंद करा. कोणाच्या पायावर पाय पडला तर म्हणा, चुकलेल्या पावलासाठी नको. तुम्ही सॉरी म्हणता तेव्हा समोरच्याला तुमची समजूत काढावी लागते आणि दोघांचं गाणं निसटतं.

आता गुडघा. तुम्ही बूट कोणते घालता हे लिहिलं नाही, पण दुखणं उजव्या गुडघ्याचं आहे म्हणून आमचा पहिला संशय तळव्यावर. उजवीकडच्या गिरकीत वजन उजव्या पायावर येतं. चालायचे किंवा पळायचे बूट रबराच्या तळाने फरशी घट्ट धरतात, वरचं शरीर फिरतं, पाय खाली अडकतो आणि पिळा गुडघ्यात जातो. तपासायचं असेल तर अर्धं वजन चवड्यावर ठेवा आणि हलकेच पाव वर्तुळ फिरा. गुडघ्याला ओढ लागली तर तो बूट नाचायचा नाही.

यावर कोल्हापुरात राहणाऱ्याला बाहेरून महागडे बूट मागवायची गरज नाही. कॅनव्हासचे सपाट, पायाला नीट बसणारे बूट घ्या आणि चप्पल लाईनमध्ये कारागिराकडे न्या. त्याला सांगा, चवड्याखाली दीड-दोन मिलिमीटर जाडीचा चामड्याचा तुकडा लावा, खरखरीत बाजू जमिनीकडे, आणि टाचेला रबर तसंच राहू द्या. चवड्याने फिरता येतं, टाचेने थांबता येतं. रबर काचपेपरने घासून, दोन्हीकडे सोल्यूशन लावून, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकवून मग दाबायचं, आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं, नाहीतर तुकडा तिसऱ्या रविवारी निघून येतो. हे बूट रस्त्यावर घालू नका, पिशवीतून न्या. चामडं झिजून गुळगुळीत झालं की ताठ ब्रशने घासा. कोल्हापुरी चपलेचा तळ चामड्याचाच असतो, पण टाच मोकळी असल्याने चार्ल्सटन या नाचप्रकारातल्या लाथेला ती पायातून सुटते. ती सभागृहाच्या दारात राहू द्या. अनवाणी नाचू नका. फरशीवर टाल्कम पावडर टाकायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. एका फरशीवर पाय सरकतो, दुसरीवर अडकतो, आणि माणसं पडतात ती अशीच.

फरशीखाली सिमेंट असतं, ते लाकडासारखं दबत नाही, म्हणून नडगीला हादरे बसतात. बुटात जाड आतला सोल घाला आणि सलग पाऊण तासापेक्षा जास्त नाचू नका. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा जिना उतरताना लचकत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

कपड्यांचं थोडक्यात: ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला गाठ मारून बांधा, काचेच्या बांगड्या उतरवा (फुटल्या की दोघांचे हात कापतात), लांब मंगळसूत्र आत घ्या. वेणी गिरकीत समोरच्याच्या डोळ्याला लागते, तिचा अंबाडा घाला. गजरा मात्र खरंच नको, मोगऱ्याची चिरडलेली फुलं तळव्याखाली तेलासारखी निसरडी होतात. साडीच नेसायची असेल तर नऊवारी उत्तम, तिचा काष्टा पाय मोकळे ठेवतो.

जवळ उभं राहण्याबद्दल तुम्ही संकोचून लिहिलंय, तर स्पष्ट सांगतो. जवळच्या पकडीत त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या पात्यावर आणि तुमचा डावा हात त्याच्या दंडावर किंवा खांद्यावर, एवढंच लागतं. मधलं अंतर तुम्ही ठरवता. सहा मोजणीचे बहुतेक प्रकार नुसता एक हात धरून होतात. ‘मी आज मोकळ्या पकडीतच नाचणार’ हे गाणं सुरू होण्याआधी सांगा, कारण द्यायची गरज नाही. नाचायचंच नसेल तर ‘हे गाणं मी बसते’ पुरे. तेच गाणं लगेच दुसऱ्याबरोबर नाचू नये, एवढा शिष्टाचार पाळा. कोणी मनगट आवळलं, अचानक मागे झुकवलं किंवा उचलायला बघितलं तर तिथल्या तिथे हात सोडून द्या आणि थांबा. उचलणं-फेकणं ठरवून, सराव करून, रिकाम्या जागेत करायची गोष्ट आहे, मोकळ्या तासात ती करायचीच नाही. तुमच्या गटाला आमची सूचना आहे की एक ताई आणि एक दादा असे दोघे ठरवून ठेवा, ज्यांच्याकडे अशी तक्रार कोणालाही कुजबुजत सांगता येईल. चौदा माणसांच्या गटातही हे लागतं. किंबहुना छोट्या गटात जास्तच, कारण तिथे सगळे ओळखीचे असतात आणि ओळखीपोटी लोक गप्प बसतात.

बायका नऊ, पुरुष पाच. याचा उपाय पुरुष वाढण्याची वाट बघण्यात नाही. तुम्ही लीड शिका. लीड डाव्या पायाने सुरू होतं, साचे तेच. पहिल्या महिनाभर दर रविवारी फक्त दोन गाणी लीड करा, दोनच प्रकारांत. लीड करून बघितल्यावर फॉलो करणंही सुधारतं, कारण ओढणं आणि वजनाने नेणं यातला फरक स्वतःच्या हाताला कळतो. पुरुषांनीही फॉलो शिकावं. शिकवणाऱ्या मुलाला सांगून पहिल्या तासात दर दोन मिनिटांनी जोडीदार बदलायला लावा आणि महिन्यातून एका रविवारी सगळ्यांची बाजू उलटी करा. बसून राहणाऱ्यांसाठी मोकळ्या तासाच्या मध्यावर एकदा शिमशॅम ठेवा. हा जोडीदाराशिवाय, ओळीत उभं राहून करायचा नाच. लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बसवलेल्या टॅपच्या तुकड्यावरून आला. मूळ चार हालचाली, प्रत्येकीला बत्तीस ठोके, म्हणजे एका धृपद-अंतऱ्याच्या फेरीत तो बरोबर बसतो. एकच सांभाळा, पहिलं पाऊल ‘एक’वर नसून आधीच्या ‘आठ’वर पडतं. नवशिक्यांचा शिमशॅम पहिल्याच क्षणी मागे पडतो तो यामुळे.

सासूबाईंचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर द्या. हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुण पोरापोरींनी घडवला. १२ मार्च १९२६ रोजी तिथे सॅव्हॉय बॉलरूम सुरू झालं. दोन व्यासपीठं असल्याने एक वाद्यवृंद थांबला की दुसरा सुरू व्हायचा, वाजवणं खंडत नसे. त्या काळात अमेरिकेत फार थोड्या जागी दिसेल अशी गोष्ट तिथे होती, काळे-गोरे एकाच फरशीवर नाचायचे. गुरुवार हा धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या सुट्टीचा दिवस, आणि सॅव्हॉयची गुरुवारची रात्र त्यांच्याच नावाने ओळखली जायची. आठवडाभर दुसऱ्याच्या घरी राबलेली बाई त्या रात्री नटूनथटून नाचायला जायची. सासूबाईंना एवढं सांगितलंत तरी पुष्कळ समजेल. तिथला नामवंत नर्तक फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) पुढे टपालखात्यात वर्षानुवर्षं नोकरी करत होता. १९८० च्या दशकात नव्या पिढीने त्याला शोधून काढलं आणि त्याने म्हातारपणी जगभर शिकवलं. त्याचा जन्मदिवस, २६ मे, आज लिंडी हॉपचा दिवस म्हणून पाळतात. आणि हे संगीत आपल्याला अगदीच परकं नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला होता. पुढे चिक चॉकलेटसारखे गोमंतकीय वादक मुंबईत जॅझ वाजवू लागले आणि सी. रामचंद्रांनी त्यांना आपल्या गाण्यांत आणलं. सासूबाईंनी ती गाणी तरुणपणी रेडिओवर ऐकलेली असणार. एका रविवारी त्यांना सोबत न्या, पंख्याखाली खुर्ची द्या आणि दोन-चारवर टाळी धरायला सांगा. तुमच्या गटाला पक्क्या टाळीची गरज आहेच.

राहिला पावसाळा. ओली फरशी हा खरा धोका आहे, म्हणून दारात गोणपाट आणि आत कोरडं पायपुसणं असं दुहेरी ठेवा. छत्र्या बाहेर, नाचायचे बूट आत आल्यावरच घालायचे. हवा दमट झाली की चामडं ओल धरतं आणि तळ अडकायला लागतो. बूट घरी आल्यावर पंख्याखाली ठेवा, कागद कोंबून, उन्हात नाही. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि पावसाच्या आवाजात बास आणखी बुडतो. स्पीकर जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, आणि समोरच्या भिंतीला एक जाड सतरंजी टांगून बघा. प्रत्येकाने अंग पुसायचा टॉवेल, बदलायला एक कोरडा कुर्ता आणि अर्धा लिटर पाणी आणावं. रस्सा-भाकरीचं जेवण नाचानंतर ठेवा, आधी नको.

येत्या रविवारी मोकळ्या तासात पहिली तीन गाणी साइड पास (एकमेकांच्या बाजूने जाऊन जागा बदलणं) आणि टक टर्न (जवळ येऊन गिरकी घेत बाहेर पडणं) एवढ्यावरच नाचा. चौथ्याला नऊजणींपैकी जी बसलेली दिसेल तिला विचारा, ‘मी लीड करते, येतेस?’